पोर खेळून आलं की आपण पहिलं काय विचारतो?

पोर घामाघूम होऊन घरी येतं, तेव्हा आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? आम्ही गटातल्या बायांनी आठवून पाहिलं. 'अभ्यास कोण करणार?' 'कपडे बघ कसे मळवलेस!' 'जिंकलास का?' 'उन्हात काळी पडशील, मग कोण पसंत करील?' 'मजा आली का?' असं विचारणारी एकच निघाली, तीही आजी.

पोरं आपला चेहरा वाचतात. कपाळावर आठी दिसली की खेळ ही चोरून करायची गोष्ट ठरते. आणि रोज 'जिंकलास का' एवढंच कानावर पडलं, तर हरणारं पोर हळूच मैदान सोडतं. पोलीस भरतीचंच बघा. तिथं मुलांना १६०० मीटर पळावं लागतं. बाप पहाटे उठवून पळवतो, ते चांगलंच. पण भरती हुकली की बूट कोपऱ्यात! पळण्यातही सुख असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलींचं तर पाळी आली की मैदान बंद. पाळीत खेळल्यानं काही बिघडत नाही. दुखत असेल तर बसावं, नसेल तर खुशाल पळावं. 'घरचं पाणी भरते, तोच व्यायाम,' असंही आपण म्हणतो. अहो, कष्ट होतात खरे, पण हंड्याबरोबर कुणाला खो देता येतो का? श्रावणात आपण फुगडी घालतो, झिम्मा खेळतो, दम लागेपर्यंत हसतो. तिथं कुणी नंबर काढतं का?

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तुम्हाला माहीत आहे. दुष्काळी भागातली मुलगी. शाळेत खो-खो खेळायची, पुढे धावायला लागली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. सगळ्याच पोरी ललिता होणार नाहीत, व्हायलाच पाहिजे असंही नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज तासभर तरी अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास हसतखेळत गेला तरच पोर उद्या पुन्हा जाईल.

आयांची भीती मात्र खोटी नाही. मैदान गावाबाहेर, अंधार लवकर पडतो, टपरीवर पोरं बसलेली. म्हणून मुलींना घरात बसवण्याऐवजी आम्ही पाळ्या लावल्या आहेत. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा गटातल्या दोघीजणी मैदानाच्या कडेला बसणार. निवडायची भाजी, शिवणटिपण सोबत आणायचं. सोमवार आणि गुरुवार अजून रिकामे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी बैठकीच्या वहीत नाव लिहावं. आणि हो, कडेला बसून 'पळ गं, पळ' म्हणायला हरकत नाही, पण कुणी पडली तर हसायचं नाही.