शेतीशाळा : वर्गात कोण बसतो आणि पंप कोण धरतो?

(खरीप हंगामापूर्वी, गावोगावी शेतीशाळा चालविणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येत्या हंगामात आपल्यापैकी बरेच जण आपापल्या गावात शेतीशाळा घेणार आहेत. पिकांच्या वाणांची, खतांची आणि कीड-रोगांची माहिती इतर तज्ज्ञ आपल्याला देतीलच. मी कृषिविद्या हा विषय महाविद्यालयातील मुलांना शिकवतो. मुलांना शिकवणे त्या मानाने सोपे आहे, कारण त्यांना परीक्षा द्यायची असते आणि ती वर्गातून उठून जाऊ शकत नाहीत. आपल्या वर्गात मात्र चाळिशी-पन्नाशीची माणसे येणार. त्यांच्या घरी जनावरे आहेत, शेतात तण वाढते आहे. शिकलेले उपयोगी पडते असे वाटले तरच ती दुसऱ्या वर्गाला येतील. म्हणून प्रौढ माणसाला कसे शिकवावे आणि मुळात कोणाला शिकवावे, या दोन गोष्टींविषयी आज बोलणार आहे.

शेतीशाळेची सुरुवात कशी झाली?

शेतीशाळेची पद्धत भातशेतीतून आली. इंडोनेशिया देशात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा मोठा प्रादुर्भाव होत असे. औषधे जितकी जास्त फवारली तितकी कीड वाढत गेली, कारण तुडतुडे खाणारे कोळी व इतर मित्रकीटक फवारणीत आधी मरत होते. तेथील सरकारने १९८६ मध्ये भातासाठी ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली. परंतु बंदी घालून शेतकऱ्याला शेतातली कीड ओळखता येत नाही. तेव्हा १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तेथे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. २५-३० शेतकऱ्यांनी आठवड्यातून एकदा एकाच शेतावर जमायचे, लहान गट करून झाडे पाहायची, किडी व मित्रकीटक मोजायचे आणि त्या आठवड्यात काय करायचे ते आपसात चर्चा करून ठरवायचे, अशी ती रीत होती. आपल्याकडे हीच पद्धत कापूस, सोयाबीन, तूर, भात अशा पिकांत वापरली जाते.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. शेतीशाळेत निर्णय शिक्षक देत नाही. शेतकरी पाहतो, मोजतो आणि स्वतः निर्णय घेतो. चावडीवर खुर्च्या मांडून एकाने बोलायचे व इतरांनी ऐकायचे, ही सभा झाली. तिला शेतीशाळा म्हणता येणार नाही.

वापरात नसलेली विद्या टिकत नाही

प्रौढांना शिकवण्याचे प्रयत्न महाराष्ट्राला नवीन नाहीत. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर पसरली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली. कंदिलाच्या उजेडात हजारो बाया-माणसे अक्षरे गिरवायला शिकली, हे काम लहान नव्हते. परंतु या सर्व प्रयत्नांतून एक धडा पुन्हा पुन्हा मिळाला. जेथे शिकलेले अक्षर पुढे रोजच्या कामात आले नाही, तेथे ते काही वर्षांत पुसले गेले.

शेतीशाळेलाही हाच नियम लागू पडतो. सोमवारी शिकलेली गोष्ट त्याच आठवड्यात शेतावर वापरता आली पाहिजे. कपाशीच्या बोंडअळीची माहिती पेरणीपूर्वी देऊन उपयोग नाही. ती पाते-फुले लागताना द्यावी आणि फुलात दाखवून द्यावी.

वर्गात कोण बसतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. त्यामुळे फवारा अंगावर व तोंडावर येत होता. अंगावर संरक्षक कपडे नव्हते आणि निरनिराळी औषधे एकत्र मिसळून फवारली जात होती.

या घटनेपासून शेतीशाळा चालविणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. आपल्या वर्गात कोण बसतो आणि गावात पंप कोण धरतो? बहुतेक ठिकाणी सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो वर्गाला येतो. फवारणीला मात्र मजूर जातो, किंवा अर्धा एकरवाला अल्पभूधारक रोजाने दुसऱ्याच्या शेतावर जातो. बियाणे निवडणे, टोकणे, खुरपणे आणि वेचणी ही कामे स्त्रिया करतात, पण बियाण्याच्या वर्गाला त्यांचे पती येऊन बसतात. घरी गेल्यावर त्यातले किती सांगितले जाते, हे आपण सर्व जाणता. ज्याच्या हाताने काम होते त्याच्यापर्यंत शिक्षण पोहोचले नाही, तर हजेरीपट भरलेला असूनही वर्ग रिकामाच राहिला, असे समजावे.

म्हणून वर्ग सुरू करण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात. पहिली यादी गावात फवारणी कोण कोण करते त्याची आणि दुसरी बियाणे व खुरपणीचे काम पाहणाऱ्या स्त्रियांची. २५ जणांच्या वर्गात या दोन्ही याद्यांतील निम्मी माणसे तरी असावीत.

वेळ आणि जागा

ही माणसे येत नाहीत याचे कारण बहुधा उदासीनता नसते. मजुराने सकाळी १० वाजता वर्गाला यायचे म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडवायचा. स्त्रियांना सकाळी पाणी, स्वयंपाक व धारा काढणे यांतून सवड नसते. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) वर्ग दीड तासापेक्षा लांबवू नये. निरीक्षण सकाळी ७ ते साडेआठच्या दरम्यान घ्यावे. या वेळी किडीही चांगल्या दिसतात.

२) स्त्रियांचा वर्ग खुरपणीच्या शेतावरच, दुपारच्या भाकरीनंतर बांधावर घ्यावा. त्यासाठी शेतमालकाची संमती आधी घ्यावी.

३) प्रात्यक्षिकाचा प्लॉट गावापासून जवळ असावा. तो गावातील सर्वात मोठ्या बागाईतदाराचा नसावा. कोरडवाहू शेतकऱ्याला तो प्लॉट पाहून "हे आपल्याला जमण्यासारखे आहे" असे वाटले पाहिजे.

४) बाजाराचा दिवस, ग्रामदैवताची यात्रा व पोळा टाळून तारखा आधीच ठरवाव्यात. ठरलेला वर्ग सहसा रद्द करू नये. एकदा माणसे येऊन परत गेली की पुन्हा जमवणे कठीण जाते.

अक्षर न येणाऱ्यालाही शिकता यावे

वर्गात वाचता न येणारी माणसे असणारच. त्यांना लाज वाटेल असे काही करू नये. सर्वांसमोर फलकावरचे वाचायला सांगू नये.

हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी चाचणी घ्यायची असल्यास मतपेटीची पद्धत वापरावी. शेतात ८-१० ठिकाणी खुंट्या रोवाव्यात. प्रत्येक खुंटीजवळ एक प्रत्यक्ष वस्तू ठेवावी, उदाहरणार्थ मावा लागलेले पान, ढालकिडा किंवा डोमकळी. प्रश्न तोंडी विचारावा आणि "मित्र की शत्रू?" अशा उत्तरांसाठी दोन डबे ठेवून त्यांवर खूण करावी. प्रत्येकाने आपल्या उत्तराच्या डब्यात एक खडा टाकावा. यात लिहावे लागत नाही आणि कोण चुकले हे कोणाला कळत नाही. वर्गाला मात्र काय येते व काय येत नाही ते बरोबर समजते.

दुसरा प्रयोग काचेच्या बरणीचा. मावा असलेली फांदी बरणीत ठेवावी, त्यात ढालकिड्याच्या दोन-तीन अळ्या सोडाव्यात आणि तोंडाला पातळ फडके बांधावे. दुसऱ्या दिवशी मावा किती उरला ते मोजावे. मित्रकीटक म्हणजे काय, हे तासभराच्या भाषणापेक्षा या बरणीतून चांगले पटते.

पहिला वर्ग उगवण चाचणीचा घ्यावा

२०२० च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या व अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने घरचे बियाणे वापरता येते, पण त्याचे आवरण नाजूक असते. पोते आपटले, मळणी वेगाने झाली किंवा साठवणीत ओल लागली, तर उगवण घटते. बी डोळ्यांना चांगले दिसते म्हणून उगवेलच असे नाही.

यासाठी पहिल्याच वर्गाला प्रत्येकाने आपले मूठभर बियाणे आणावे. पोत्याच्या वर, मध्ये व तळाशी असे तिन्ही ठिकाणचे बी घेऊन त्यातील न निवडता १०० दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट अंथरून गुंडाळी करावी व सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडून ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी, म्हणजे दुसऱ्या वर्गात, गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत.

शंभरात ७० किंवा अधिक दाणे उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरेसे होते. ६० उगवले, तर त्याच हिशेबाने ३५ किलो लागेल. त्याहूनही कमी उगवल्यास ते बियाणे पेरू नये. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये आणि बी ३ ते ४ सें.मी. पेक्षा खोल पडू देऊ नये.

या चाचणीला खर्च नाही, आठवड्यात उत्तर मिळते आणि पेरणीपूर्वी नुकसान टळते. पहिल्याच वर्गात अशी गोष्ट हाती लागली म्हणजे माणसे पुढच्या वर्गाला आपणहून येतात.

मोजून निर्णय घेण्याची सवय

कपाशीच्या वर्गात गुलाबी बोंडअळीचे निरीक्षण घ्यावे. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग तीन दिवस दररोज प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. त्याबरोबर शेतात सर्वत्र फिरून २० झाडांवरील प्रत्येकी एक हिरवे बोंड फोडून पाहावे. २ बोंडांत अळी निघाली म्हणजे प्रादुर्भाव १० टक्के झाला. बाहेरून बोंड चांगले दिसते, म्हणून ते फोडल्याशिवाय कळत नाही. पातळी गाठली नसेल तर फवारणी करू नये. वाचलेल्या एका फवारणीचे औषध व मजुरी किती होते, त्याचा हिशेब वर्गातच मांडावा.

फवारणीचा वर्ग

हा वर्ग फवारणी करणाऱ्यांसाठी स्वतंत्र घ्यावा व पंपात साधे पाणी भरून प्रात्यक्षिक करावे. औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वात कमी हिरवा. हे रंग अक्षर न येणाऱ्यालाही ओळखता येतात. मात्र हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असे कोणी समजू नये.

उपाशीपोटी फवारणी करू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये. गळका पंप वापरू नये व नोझल तोंडाने फुंकू नये. शिफारस नसताना औषधे एकमेकांत मिसळू नयेत. चक्कर, मळमळ, घाम किंवा अंधारी आल्यास काम ताबडतोब थांबवावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. कोणते विष आहे ते कळले म्हणजे डॉक्टरांना उपचार करणे सोपे जाते.

मजुराला हातमोजे, चष्मा व तोंडाला मास्क देणे हे शेतमालकाचे काम आहे, हेही या वर्गात मालकांसमोर स्पष्ट सांगावे. ते सांगताना संकोच करू नये.

"आता या वयात काय शिकायचे?"

हा प्रश्न आपल्याला गावात विचारला जाईल. त्यावर वाद घालू नये. अशा वडीलधाऱ्यांना वर्गात मानाने बोलवावे आणि त्यांनाच विचारावे की, या शिवारात पाणी कोठे साचते, कोणत्या जमिनीला वापसा उशिरा येतो, पूर्वी कोणती कीड केव्हा येत असे. त्यांचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. आपले ज्ञान कोणी लिहून घेते आहे असे दिसले, की तीच माणसे नवीन गोष्टही मन लावून ऐकतात. ज्याने चाळीस पावसाळे पाहिले, त्याला सर्व काही पहिल्यापासून शिकवायचे नसते. त्याच्या अनुभवाला मोजमापाची जोड द्यायची असते.

काही जण "वर्गाला आल्यावर काय मिळणार?" असेही विचारतील. न मिळणाऱ्या अनुदानाचे आश्वासन देऊन वर्ग भरवू नये. न उगवणारे बियाणे पेरणीपूर्वी कळेल, नको असलेली फवारणी वाचेल आणि फवारणीला गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी येईल, एवढे सांगावे. ते खरे आहे आणि पुरेसे आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, गावी परतल्यावर पहिल्या वर्गाची तारीख ठरवण्याआधी पंप धरणाऱ्यांची यादी करा, त्यांच्या घरी स्वतः जा आणि त्यांना कोणती वेळ सोयीची पडते ते विचारा. मग तारीख ठरवा.