विखुरलेली माहिती आणि अनुमानाचा धोका

जबलपूरचे नाव भारताच्या न्यायेतिहासात एका खटल्यामुळे कायमचे नोंदले गेले आहे. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या व्यक्तीला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येते काय, हा ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या खटल्यातील प्रश्न होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने नकारार्थी उत्तर दिले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे विरोधात राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगी जीवनाचा हक्क मूलभूत ठरविला. त्याच वेळी जबलपूरचा निर्णय मोडीत काढणारे निकालपत्र लिहिले ते यशवंत चंद्रचूड यांच्या पुत्राने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी.

त्याच निकालपत्रात आणखी एक विचार आहे. माहितीचे सुटे तुकडे क्षुल्लक वाटतात. परंतु ते एकत्र आले की माणसाचा आहार, आरोग्य, मैत्री आणि राजकीय मतेही उघड होतात. अनुमानाचा धोका तो हाच. समजा, एका कार्यालयाने दहा नोकरांच्या वेतनाची बेरीज जाहीर केली आणि एक जण निवृत्त झाल्यावर उरलेल्या नऊ जणांची. कोणाचेही वेतन सांगितले गेले नाही. तरीही साध्या वजाबाकीने ते कळते.

माहिती अनेक ठिकाणी विखुरलेली असली की धोका वाढतो, कारण एका दाराच्या पहारेकऱ्याला दुसऱ्या दारातून काय बाहेर गेले ते ठाऊक नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० नंतरच्या दशकात सरकारी नोकरांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधनासाठी दिल्या होत्या. लटान्या स्वीनी या संशोधिकेने त्या मतदारयादीशी ताडून पाहिल्या. जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभाग एवढ्यावरूनच त्या राज्याच्या गव्हर्नरांच्या नोंदी ओळखता आल्या.

यावर उपाय आहेत. जन्मतारखेऐवजी वयोगट द्यावा, फार लहान गटांचे आकडे दडवावेत, आकड्यांत मोजूनमापून थोडी अनिश्चितता मिसळावी. मात्र जितके संरक्षण अधिक तितकी अचूकता कमी, आणि ही अचूकता रोगनिवारणाला व नियोजनाला हवी असते. म्हणूनच हा तोल केवळ यंत्रज्ञांवर सोपविता येत नाही. नाव पुसले म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हे समाधान खोटे आहे. कोणती माहिती कोणाजवळ जमते, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाने जागता ठेवला पाहिजे.