‘आपण’ आणि ‘ते’

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे संस्कृती, अस्मिता, मातृभाषा असा एखादा भारदस्त विषय वक्त्यापाशी असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. त्या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी येथे बसलेली आहेत. आम्ही बी. ए. पर्यंत शिकलेले, आणि पुढचे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत घालविलेले. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘फुटबॉल’ असे सांगितले. त्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. महाराष्ट्रात इतरत्र पोराच्या हाती बॅट येते, आमच्या पेठेत पायाशी चेंडू येई. वरुणतीर्थाचे तळे बुजवून झालेल्या गांधी मैदानावर आम्ही अनवाणी खेळलो आणि राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून थोरांचे सामने पाहिले. तेथील संघांची नावे ऐकताच बाहेरच्या माणसाला नवल वाटते: शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. फुटबॉलचा संघ आणि त्याला ‘तालीम’ कशी? तर तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती फोफावली, आणि तालीम हे पेठेचे दुसरे घरच झाले. गणपती तेथे बसे, मोहरमचा पंजाही तेथेच बसे, आणि त्याच अंगणातून फुटबॉलचा संघ बाहेर पडे. तेव्हा संघावर प्रेम करणे हा आम्हांकडे निव्वळ छंद नव्हे. देवघरातल्या दिव्याला तेल घालावे, तितक्याच सहजतेने माणूस ते करतो.

पेठेच्या संघाचा सदरा अंगावर चढावा, हे आमचे बालपणीचे स्वप्न. ते पुरे झाले नाही. पाय बेताचे होते आणि नोकरीचा हुकूम वेळेवर आला. बदल्या होत होत आम्ही भिलाईस आलो आणि येथेच रमलो. ह्या गावाचे एक बरे आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्यामागोमाग सारा देशच येथे राहावयास आला. येथे परकेपणा वाटावा तर कोणाला? शेजारी बंगाली, समोर मल्याळी, मागल्या बाजूस तेलुगू. बंगाली शेजाऱ्यांच्या घरात मोहन बागान. १९११ साली अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकल्याची कथा ते परवाच घडल्यासारखी सांगतात. मल्याळी गृहस्थ २०२२ च्या विश्वचषकात त्यांच्या मुलखातल्या नदीत उभारलेल्या मेस्सीच्या प्रचंड प्रतिमेचे छायाचित्र घेऊन दारोदार फिरत होते. ह्या दोघांमध्ये आम्ही आमच्या पेठेची कथा सांगू लागलो, की दोघेही अदबीने ऐकत. फुटबॉलवाल्याला फुटबॉलवाला ओळखतो.

आता घरातली गोष्ट. दूरध्वनी घरोघरी नव्हता त्या काळी आमचे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, सामना झाला की पोस्टकार्ड टाकीत. मजकूर चार शब्दांचा. ‘दोन-एक. आपण.’ किंवा ‘एक-शून्य. ते.’ ‘आपण’ म्हणजे जिंकलो, ‘ते’ म्हणजे हरलो. कार्ड येथे पोहोचेपर्यंत पाच-सहा दिवस उलटलेले असत. पेठेत तोवर त्या विजयाचा गुलाल धुऊनही गेलेला असे. पण आमच्या घरी सामना त्या दिवशी होई. कचेरीतून आल्यावर हातपाय धुवावे, देवाला नमस्कार करावा, सौभाग्यवतींनी चहा पुढे ठेवावा, आणि मग कार्ड उलटावे. तोवर पाहावयाचे नाही, हा नियम. पोस्टमनच्या हातातून घेताना अक्षर दिसेल म्हणून आम्ही मान वळवीत असू.

येथे एक अडचण सांगावयास हवी. सौभाग्यवतींचे माहेर मंगळवार पेठेत. कोल्हापूरकरांना ह्यापुढे काही सांगणे नलगे. इतरांसाठी सांगतो, की पाटाकडील तालीम ही मंगळवार पेठेची, आणि ह्या दोन पेठांचा सामना म्हणजे शहराचे दोन तुकडे. त्यामुळे दादांच्या एकाच कार्डाचे आमच्या घरी दोन अर्थ होत. आमचे ‘आपण’ ते त्यांचे ‘ते’. बंगाल्यांच्या घरी ईस्ट बंगाल जिंकले तर हिलसा आणि मोहन बागान जिंकले तर कोळंबी शिजते म्हणतात. आमच्याकडे तसे ठरून गेले होते: शिवाजी पेठ जिंकली तर तांबडा रस्सा, मंगळवार पेठ जिंकली तर पांढरा. रस्सा दोन्ही वेळी त्याच करीत, आणि हरल्याच्या रागात त्यांनी घातलेल्या तिखटाने आमच्या डोळ्यांत पाणी येई. कोल्हापुराहून दर उन्हाळ्यात येणारी कांदा-लसणाची चटणी त्या दिवशी जरा जास्तच खर्ची पडे.

आमची कन्या ह्याच गावी जन्मली. घरी मराठी, शाळेत हिंदी, अंगणात छत्तीसगढी. दहा-अकरा वर्षांची असताना एकदा तिने ते कार्ड हातात धरून विचारले, “बाबा, मी ‘आपण’ की ‘ते’?”

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कोणत्या ना कोणत्या रूपाने हा प्रश्न विचारला गेला असेल. आपल्याला गाव आहे, पेठ आहे, ओढ आहे. मुलांना ती आपण सांगितलेल्या गोष्टींतून मिळाली. ती त्यांनी मानावीच, असा आग्रह कोणत्या हक्काने धरावा? आम्हांला त्या दिवशी उत्तर सुचले नाही. सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, “आधी एकदा सामना बघ, मग ठरव.”

एका उन्हाळ्यात तिला घेऊन निघालो. भिलाईकरांना मार्ग ठाऊक आहे: गोंदियापर्यंत एक गाडी आणि तेथून महाराष्ट्र एक्सप्रेस. ती नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे असा सारा महाराष्ट्र ओलांडते आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूर दाखविते. शाहू स्टेडियमवर दादांनी जागा धरून ठेवली होती. सामना बरोबरीत सुटला. कन्येचा आवाज मात्र दोन दिवस बसला होता. कोणासाठी ओरडलीस, असे दादांनी विचारले, तर म्हणाली, “ज्याच्या पायात चेंडू, त्याच्यासाठी.” दादांना ते मुळीच पटले नाही.

आम्हांला पटले, असेही म्हणवत नाही. पण काही वर्षांनी, २०१७ च्या ऑक्टोबरात, सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. फुटबॉलच्या विश्वचषकात भारताचा संघ प्रथमच उतरत होता, आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हाही होता. सहा तारखेस दिल्लीत अमेरिकेविरुद्धचा सामना. आमच्या बैठकीच्या खोलीत बंगाली, मल्याळी, आम्ही, सगळे. भारत तीन-शून्य हरला. पुढे कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने पहिला गोल केला तेव्हा आमच्या मजल्याची भिंत हादरली. तोही सामना हरलो, आणि घानाविरुद्धचाही. तरी कन्या दादांना फोनवर सांगत होती, “काका, आपण!” दादा म्हणाले, “अगं, आपण हरलो.” ती म्हणाली, “हो, पण आपण.”

आता कोणी म्हणेल, की प्रौढ माणसांनी दूरच्या गल्लीतल्या अकरा पोरांपायी इतके हळवे का व्हावे? शिवाय त्या पेठांच्या चुरशीत दगडफेकी झाल्या आहेत, सामने बंद पडले आहेत. हे खरे आहे, आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पेठेचे प्रेम दुसऱ्या पेठेच्या डोक्यावर दगड होऊन पडते तेव्हा ते प्रेम राहत नाही. परंतु मंगळवार पेठेची कन्या शिवाजी पेठेत नांदू शकते, एवढा पुरावा आम्ही घरातच बाळगून आहोत.

आजकाल दादा कार्ड टाकीत नाहीत. सामना चालू असतानाच मोबाइल उंच धरतात आणि स्टेडियमचा गलका थेट भिलाईत ऐकवितात. चहाचा नियम मात्र आम्ही मोडलेला नाही. चहा पुढे आल्यावाचून फोन उचलत नाही. दादा तिकडे शिव्या देतात.

सेवानिवृत्तीस आता थोडी वर्षे उरली. पुढे राहावयाचे कोठे, हा प्रश्न घरात निघतो. कोल्हापुरात सदनिका घ्यावी असे आम्हांस वाटते. येथली माणसे सोडवत नाहीत, असे सौभाग्यवती म्हणतात. तूर्त तडजोड अशी झाली आहे, की फुटबॉलचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी संपतो. तेवढे महिने कोल्हापूर, बाकीचे भिलाई. गणपतीला आम्ही येथेच असू, मंडळाची वर्गणीही येथेच भरू. एकाच गोष्टीचा निकाल अजून लागावयाचा आहे. स्टेडियमवर दोघांनी एका बाजूस बसावयाचे की दोन बाजूंस?