घोड्याखालची उभी रेघ

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला पाच मिनिटं दिली आहेत. मी एका नाण्याबद्दल बोलणार आहे. ते आता माझ्याकडे नाही. आहे ती फक्त ही नववीची वही.

इतिहासाच्या बाईंनी घरातली जुनी वस्तू आणायला सांगितली होती, आठवतं? कुणी अडकित्ता आणला, कुणी पानाचा डबा. मी आजीच्या देव्हाऱ्यातली गिनी आणली. तलवार उपसलेला घोडेस्वार आणि पायाखाली राक्षस. आजीच्या लेखी तो खंडोबाच! टाकांच्या शेजारी ठेवून ती त्यालाही भंडारा वाहायची. मी वर्गात तेच सांगितलं. बाई हसल्या नाहीत. हातात भिंग दिलं आणि म्हणाल्या, "आधी दिसतं ते लिही. वाटतं ते नंतर."

मग मी लिहिलं : स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण, पाठीमागे उडणारा शेला, बाकी कपडे जवळपास नाहीत. (त्यावर तुम्ही किती हसलात!) घोड्याखाली पंखवाला प्राणी. तळाला १९१८. सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीवर एक बारीक उभी रेघ, ओरखडा असावा.

बाईंनी 'ओरखडा' या शब्दाखाली लाल शाईचं प्रश्नचिन्ह काढलं. ते अजून आहे.

आपण जिला गिनी म्हणतो, ती खरं तर गिनी नव्हेच. इंग्लंडची गिनी १६६३ साली सुरू झाली. आफ्रिकेतल्या गिनी किनाऱ्यावरून येणाऱ्या सोन्यावरून हे नाव पडलं. पुढे तिची किंमत २१ शिलिंग ठरली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत सोनं दुर्मीळ झालं, कागदी नोटांवर कारभार चालला. युद्ध संपल्यावर १८१६ साली नवा कायदा झाला आणि १८१७ पासून २० शिलिंगांचं नाणं निघालं, ते सॉव्हरिन. आपल्याकडे मात्र जुनंच नाव टिकलं.

वजन आठ ग्रॅमला किंचित कमी, व्यास २२ मिलिमीटर, सोनं २२ कॅरट. गंमत म्हणजे त्यावर किंमत कुठेच लिहिलेली नाही. ज्याला आजी खंडोबा म्हणायची तो संत जॉर्ज, ड्रॅगनला मारणारा. चित्र कोरलं बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची या इटालियन कारागिराने. परदेशी म्हणून त्याला टांकसाळीतलं मुख्य कोरक्याचं पद मिळालं नाही. पण त्याचा घोडेस्वार दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडच्या नाण्यावर दौडतो आहे.

आता ती रेघ. बऱ्याच वर्षांनी एका नाणेप्रदर्शनात मला तिचा उलगडा झाला. लंडनबाहेर पाडलेल्या सॉव्हरिनवर त्या त्या ठिकाणाचं अक्षर असे. सिडनीचा 'एस', मेलबर्नचा 'एम', पर्थचा 'पी'. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे सोनं नेणं-आणणं धोक्याचं झालं, म्हणून १९१८ साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीतच रॉयल मिंटची शाखा उघडली. तिथे सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी शाखा बंद झाली. त्यांच्यावर 'इंडिया'चा 'आय' आहे. सालाच्या वर, अगदी त्याच जागी. इंग्रजी 'आय' म्हणजे तरी काय, एक उभी रेघ!

म्हणजे नाणं राजाचं, चित्र इटालियनाचं, संत विलायतेचा. पण ते घडलं मुंबईत. आजीने त्याला आपल्या देवांत बसवलं ते अगदीच चुकीचं नव्हतं म्हणायचं.

हे मला कळलं तेव्हा गिनी उरली नव्हती. १९८३ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायला घरात पैसे नव्हते. आजीने स्वतःच ती देव्हाऱ्यातून उचलली, कपाळाला लावली आणि वडिलांच्या हातात दिली. सराफाने तराजूत टाकली, सोन्याचा भाव दिला. गिनी मोडली. वडील गप्प होते. आजी म्हणाली, "देव कुठे जात नाही. पोराच्या पुस्तकात जाऊन बसला."

आजी आज नाही. ती गिनी बहुधा कुणाच्या तरी बांगडीत असेल. तिचं अस्सल वर्णन जगात एकाच ठिकाणी उरलंय, या वहीत. तेही बाईंनी दिसेल ते सगळं लिहायला लावलं म्हणून. 'वाटतं ते' लिहिलं असतं, तर आज माझ्याकडे फक्त खंडोबा असता, ती रेघ नसती.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तुमच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर द्यायला फार उशीर झाला, त्याबद्दल क्षमा करा.

तो ओरखडा नव्हता, बाई.