दुखत नाही, मग कशाला जायचं?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन आणि गडाच्या पायथ्याशी माझ्यासोबत चिंचा पाडलेल्या मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेत 'आरोग्यावर दोन शब्द' असं छापलं आहे. मी नीट नाव घेऊनच बोलते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आपल्याकडच्या बाया त्याला 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात.

विज्ञानातला प्रजननाचा धडा आपल्याला 'घरी वाचून या' म्हणून सांगितला होता. सर, रागावू नका, घरी आम्हीही तो लपवूनच वाचला. पुढे आरोग्यसेविका म्हणून सव्वीस वर्षं गावोगाव फिरले, तेव्हा कळलं की त्या धड्यातले शब्द कोणाजवळच नाहीत. 'अंगावरून जातं', 'उष्णता झाली', एवढ्यातच सगळं बसवतात.

बाया तपासणीला येत नाहीत त्याला 'अज्ञान' हे उत्तर मी बैठकांमध्ये पुष्कळ ऐकलं. मला ते पटत नाही. आपल्या घरात बाईला दवाखान्यात जायला कारण लागतं. ताप, बाळंतपण, नाहीतर असह्य दुखणं. सहन होतं तोवर ती जात नाही, आणि सहन करणारीचं कौतुक होतं. हा रोग तर सुरुवातीला दुखतच नाही. एचपीव्ही विषाणूमुळे पेशी बदलतात, त्यांचा कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. त्या काळात सापडलं तर साध्या उपचाराने निभावतं. पण त्याच काळात तिच्याजवळ घरी सांगायला कारण नसतं. "काही होत नाही, मग कशाला गेली होतीस?" असं सासूने विचारलं तर ती काय सांगणार?

त्यात हा विषाणू शरीरसंबंधातून येतो म्हटलं की लोक चारित्र्याकडे बघतात. खरं तर तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, कधी आणि कोणाकडून आला ते सांगता येत नाही. हे कोण ऐकून घेतं? एकजण मला म्हणाली होती, "पोरीचं जमू दे, मग येते." पोरीचं लग्न थाटात झालं. ती आली तेव्हा पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पुन्हा रक्त जात होतं. आपल्या दहावीच्या फोटोत ती दुसऱ्या रांगेत उभी आहे. नाव घेत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही.

याचा उपाय आपल्याच राज्यात पारखलेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दहावी शिकलेल्या बायांना शिकवून तयार केलं. व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. एवढ्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. दहावी तर आपण सगळ्याच आहोत! हीच तपासणी सरकारी कार्यक्रमात 30 वर्षांवरच्या बाईसाठी पाच वर्षांतून एकदा सांगितली आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत तपासलेल्या दोनसुद्धा निघाल्या नाहीत.

आता माझं सांगते. इतक्या जणींना पाठवलं, आणि मी स्वतः गेले अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आधी रोवणी, मग धान कापणी, मग डॉक्टर ओळखीचे, त्यांच्यासमोर कसं झोपायचं. पाच मिनिटं लागली. लाज वाटली, तेही सांगते. घरी आल्यावर हे म्हणाले, "काही त्रास होता का?" वाईट मनाने नाही विचारलं. पण प्रश्न तोच. इथे बसलेल्या मित्रांनो, तुम्हीही घरी हाच विचारता.

रोवणी लागायच्या आत मी तुमसरला सोबत यायला तयार आहे. जेवण झालं की मी आंब्याखाली बसते, ज्यांना यायचं त्यांनी दिवस ठरवायला या. घरी कारण सांगावं लागलं तर माझं नाव सांगा, तिला सोबत पाहिजे होती म्हणून.