आईचा व्हिसा आणि मुलाचे कागद

मी वकिली करते. राहायला लोणावळ्यातल्या तुंगार्लीत, धरणाच्या डोंगराखाली, आणि काम वडगाव मावळच्या न्यायालयात. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक प्रश्न वरचेवर येतो आहे. घटस्फोट झालेली किंवा नवरा गेलेली बाई पुन्हा लग्न करते. पदरात मूल असतं. नवा नवरा अमेरिकेत, कॅनडात नाहीतर इंग्लंडमध्ये. लग्न ठरताना तो मनापासून सांगतो, ‘‘पोरगी माझीच समजा.’’ दोन्ही घरं सुखावतात. मग व्हिसाचे कागद सुरू होतात, ते बायकोचे. मुलीचं काय, असं मी विचारलं की उत्तर येतं, ‘‘ती काय, आईबरोबर येईलच की.’’

ती आपोआप येत नाही. अमेरिकेचं उदाहरण घेते, कारण सर्वात जास्त गोंधळ तिथेच होतो. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल, तर त्याने बायकोसाठी आय-१३० नावाचा अर्ज करायचा असतो, आणि मुलासाठी दुसरा, स्वतंत्र आय-१३०. फी वेगळी, फाईल वेगळी. बायकोच्या अर्जात मुलाचं नाव लिहिलं म्हणजे मुलाचा अर्ज झाला, असं होत नाही. गंमत अशी की नवऱ्याकडे नागरिकत्व नसून नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर बायकोच्या एकाच अर्जात एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल येतं. म्हणजे ज्याचा हक्क मोठा, त्याला कागद दोन. शेजारच्या बंगल्यातल्या कुणाच्या भाचीचं काम एका अर्जात झालं, म्हणून आपलंही होईल, असं समजून लोक थांबतात. बायकोचं बोलावणं येतं, मुलाचं येत नाही, आणि मग आईपुढे जो प्रश्न उभा राहतो तो कोणत्याही आईपुढे येऊ नये. नवरा एच-१ व्हिसावर असेल तर गोष्ट निराळी. तिथे बायको आणि मूल दोघांनाही एच-४ मिळतो, पण तोही प्रत्येकाच्या नावाने, प्रत्येकाच्या अर्जावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकेचा कायदा सावत्र नातं मानतो, आणि ते मोकळेपणाने मानतो. त्यासाठी दत्तक घ्यावं लागत नाही. अट एकच: आईचं, किंवा वडिलांचं, हे नवं लग्न मुलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या आत झालेलं असलं पाहिजे. त्या दिवसानंतर लग्न झालं, तर नव्या नवऱ्याला त्या मुलासाठी अर्जच करता येत नाही. त्याने मुलाचं शिक्षण केलेलं असो, आजारपणं काढलेली असोत, कायद्याच्या लेखी ते दोघे परके. मग आईने आधी एकटीने जायचं, ग्रीन कार्ड घ्यायचं आणि स्वतः मुलासाठी अर्ज करायचा. तो रस्ता रांगेचा आहे. मूल एकवीस वर्षांचं झालं की रांग आणखी लांबते. म्हणून सतरा वर्षांचा मुलगा असलेली आई माझ्यासमोर बसून, ‘‘लग्न पुढच्या मोसमात करू, बारावी होऊ दे त्याची,’’ असं म्हणते, तेव्हा मी आधी त्याचा जन्मदाखला मागते. मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींनाही ही तारीख सांगायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. समारंभ नंतर करा. नोंदणी करून घ्या.

लग्न वेळेत झालं, की दुसरी तारीख एकविसाव्या वाढदिवसाची. नागरिक असलेल्या सावत्र वडिलांनी मुलाचा अर्ज त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी दाखल केला, तर पुढे काम कितीही रेंगाळलं तरी त्याचं वय अर्जाच्या दिवशी होतं तेच धरतात. हे २००२ च्या एका कायद्याने झालं, आणि त्याने किती घरं वाचवली असतील.

परदेशातल्या कायद्याचं तूर्त एवढंच. खरी अडचण तिथे नसते, ती आपल्याकडच्या कागदांत असते.

आपल्या मावळात पाट लावण्याची रीत जुनी आहे, आणि ती चांगली होती. बाईला दुसरा संसार मिळायचा. पण तिच्याबरोबर आलेली फारकतीची रीत व्हिसाच्या खिडकीपाशी अडते. चार माणसांसमोर बसून, स्टँप पेपरवर दोघांच्या सह्या घेऊन मोडलेलं लग्न. हिंदू विवाह कायदा रूढीने झालेल्या घटस्फोटाला जागा देतो हे खरं, पण ती रूढी सिद्ध करावी लागते, आणि परदेशी अधिकाऱ्याला न्यायालयाचा हुकूमनामा कळतो. फारकत झाली असेल तर दिवाणी न्यायालयातून तसा हुकूमनामा करून घ्या, आणि तो दुसऱ्या लग्नाच्या आधी घ्या. पहिलं लग्न कागदावर मोडलेलं नसेल तर दुसरं कागदावर उभं राहत नाही, आणि मग सावत्र नातंही उरत नाही.

संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. संमतीच्या अटी लिहिताना भांड्यांची, दागिन्यांची यादी दोन पानं होते आणि मुलाबद्दल एक ओळ असते: ‘ताबा आईकडे राहील.’ एवढ्याने भागत नाही. मुलाचा पासपोर्ट कोण काढणार, परदेशात कायमचं राहायला न्यायला वडिलांची संमती आहे का, सुट्टीत भेट कशी, फोन कधी, हे सगळं त्याच कागदात लिहा. त्या वेळी दुसरं लग्न कुणाच्या डोक्यात नसतं. तरीही लिहा. चार वर्षांनी ती सही मागायला जाल तेव्हा समोरचा माणूस दुखावलेला असेल, किंवा सापडणारच नाही.

पासपोर्टसाठी दोन्ही पालकांच्या संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. एकाची सही मिळत नसेल तर एकट्या पालकासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आहे. त्यावर पासपोर्ट मिळतो. पण पासपोर्ट मिळाला म्हणजे मूल कायमचं न्यायला परवानगी मिळाली, असा अर्थ काढू नका. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया तर बरोबर न येणाऱ्या पालकाची संमती ठराविक फॉर्मवरच मागतात. इंग्लंड आणखी खोलात जातं. मुलाची सगळी जबाबदारी आई एकटी सांभाळते का, हे ते तपासतात: शाळेची फी कोण भरतं, दवाखान्यात कोण नेतं, निर्णय कोण घेतं. तिथे शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची आईची सही उपयोगी पडते.

वडील नाहीच म्हणाले तर? तर न्यायालय आहे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यात वडील आधी आणि त्यांच्यानंतर आई असा पालकत्वाचा क्रम लिहिलेला आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात त्याचा अर्थ रुंदावला. वडील हयात असूनही मुलाकडे पाहत नसतील, तर आई पालक ठरते. आणि पुण्याच्या आयांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट २०२२ च्या जुलैची. पुण्यातल्या एका इंजिनिअर आईला पोलंडमध्ये काम मिळालं. नऊ वर्षांची मुलगी बरोबर न्यायची होती, वडिलांचा विरोध होता, कुटुंब न्यायालयाने नकार दिला होता. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी तिला परवानगी दिली आणि वडिलांची मुलीशी भेट सुरू राहील अशी व्यवस्था घालून दिली. त्यात दुसऱ्या लग्नाचा प्रश्न नव्हता. पण न्यायालय काय बघतं ते त्यातून कळतं: मुलीचं हित, आणि वडिलांची दारं बंद होत नाहीत ना. भेटीची ठोस योजना घेऊन जाणाऱ्या आईचं म्हणणं ऐकलं जातं, असा माझाही अनुभव आहे. न विचारता मूल घेऊन जाणं मात्र टाळाच. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबद्दलचा १९८० चा हेग करार भारताने केलेला नाही, त्यामुळे वाद उभा राहिला तर दोन देशांच्या न्यायालयांत आई वर्षानुवर्षं अडकते.

आता नावाबद्दल. आपल्याकडे मुलाच्या नावात मधोमध वडिलांचं नाव असतं. दुसरं लग्न झालं की घरातल्यांना वाटतं, मुलाला नवं नाव द्यावं, शाळेत कुणी विचारायला नको. राजपत्रात नाव बदलतात, शाळेच्या दाखल्यावर, आधारवर नवं नाव येतं. जन्मदाखल्यावर लोणावळा नगरपरिषदेने लिहिलेलं जुनं नाव तसंच असतं. मग एका मुलाचे दोन वडील कागदावर दिसतात, आणि अधिकाऱ्याला शंका येते. माझा सल्ला असा, की व्हिसा हातात येईपर्यंत नाव बदलू नका. बदललंच असेल तर राजपत्राची प्रत आणि प्रतिज्ञापत्र फाईलमध्ये ठेवा. जन्मदाखला मात्र कधीच ‘दुरुस्त’ करून घेऊ नका. सावत्र वडिलांना जन्मदाते दाखवणं म्हणजे खोटा कागद, आणि एका खोट्या कागदाने दोघांचेही व्हिसे जातात. नाव बदलणं चूक आहे असं मी म्हणत नाही. आंध्रातल्या एका आईच्या प्रकरणात २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पतीच्या निधनानंतर पुन्हा लग्न केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आहे, आणि कागदोपत्री नव्या पतीची नोंद ‘सावत्र वडील’ अशी करायला लावणं क्रूरपणाचं आहे. तो निकाल मी वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. आईचा अधिकार आहेच. मी फक्त वेळ सांगते आहे.

आणि मूल लपवू नका. हे सांगताना मला त्रास होतो, पण असं घडतं. स्थळ मोडू नये म्हणून मूल आजीकडे ठेवतात, ‘‘अर्जात कशाला लिहायचं, नंतर बघू.’’ कॅनडात हे फार महागात पडतं. मूल बरोबर नेणार नसलात तरी अर्जात त्याचं नाव लिहावं लागतं आणि त्याची वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. न लिहिलेलं मूल पुढे कुटुंब म्हणून बोलावता येत नाही, असा त्यांचा नियम आहे. थोड्या सवलती अलीकडे दिल्या गेल्या, पण त्यांच्या भरवशावर कुणी राहू नये. अमेरिकेच्या अर्जातही बायकोच्या सगळ्या मुलांची नावं विचारतात.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत असते. त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. तिथे लसीकरणाचा पुरावा लागतो. अंगणवाडीतलं कार्ड जपून ठेवलेलं असेल तर सुया कमी टोचतात. दोघांची मुलाखत एकाच दिवशी यावी म्हणून दोन्ही फायली एकत्र ठेवण्याची विनंती आधीच लिहून पाठवा. आणि मुलाला पढवू नका. ‘‘काकांना बाबा म्हण,’’ असं सांगून नेलेली मुलं खिडकीपुढे गप्प होतात. मूल काका म्हणत असेल तर काका म्हणू द्या. नवऱ्याने मुलाशी केलेलं बोलणं, त्याच्या शाळेला पाठवलेले पैसे, लोणावळ्याला आला तेव्हाचे तिघांचे फोटो, यावरून नातं दिसतं. जन्मदात्या वडिलांबद्दल विचारलं तर मुलाला खरं उत्तर माहीत असलं पाहिजे, आणि ते त्याला आईकडून, घरी, आधी कळलेलं असलं पाहिजे.

अमेरिकेत पोहोचल्यावरही काम राहतं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिथे उतरलात तर मायलेकरांना दोन वर्षांचंच, अट घातलेलं कार्ड मिळतं. ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत अट काढण्याचा अर्ज करावा लागतो, आणि त्यात मुलाचं नाव घालायचं असतं. सावत्र वडील नागरिक आहेत म्हणून मूल आपोआप नागरिक होत नाही. त्यासाठी कायद्याने दत्तक घ्यावं लागतं, आणि दत्तकासाठी जन्मदात्याची संमती पुन्हा लागते. ती न मिळाल्यास मूल अठरा वर्षांचं झाल्यावर, पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, स्वतःच्या सहीने स्वतःचा अर्ज करू शकतं.