व्यसन सोडविणाऱ्या औषधाची पारख
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कर्जत येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर कटू विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरातील मुलगा गर्दच्या आहारी जातो, ते घर लज्जेपायी मौन धरते आणि गुपचूप कोणाच्या तरी पुड्या आणते. कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी तर हे अधिकच घडते. म्हणून बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते.

अफू आपणांस नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माता एके काळी तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने हेरॉईन विकावयास काढले, तेही खोकल्याचे निर्धोक औषध म्हणून! गर्द हे त्याच हेरॉईनचे अशुद्ध रूप. त्याने पुण्या-मुंबईची तरुण पिढी ग्रासली, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभारले.

गर्द बंद होताच अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी मंडळी यास 'टर्की' म्हणतात. अफूने दाबून ठेवलेल्या मेंदूतील चेतापेशी एकाएकी बेफाम झाल्याचा हा परिणाम. रक्तदाबावरील क्लोनिडीन हे औषध त्यांना आवर घालते, असे १९७८ साली दिसून आले. परंतु तेच औषध रक्तदाब फार उतरविते. रोगी अंथरुणावरून उठताच भोवळ येऊन पडू शकतो. शिवाय ते एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो. तात्पर्य, जे तारते तेच मात्रा चुकल्यास मारते.

म्हणूनच परीक्षा हवी. लोफेक्सिडीन हे त्याच जातीचे औषध ब्रिटनमध्ये १९९२ पासून वापरात होते. तरीही अमेरिकेने त्यास २०१८ साली, ८६६ जणांवरील चाचण्या पाहूनच मान्यता दिली. काहींना औषध, तर काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली गेली. कोणास काय दिले हे रोग्यास वा वैद्यासही ठाऊक नव्हते. नाडी, रक्तदाब व हृदयाचा आलेख तपासला गेला. मान्यतेनंतरही आणखी १५ अभ्यास बंधनकारक केले गेले. आपल्या देशातही २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीस नैतिक समितीची मान्यता व रोग्याची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. हे योग्यच आहे. कारण वेदनेने तळमळणारा मनुष्य कोणत्याही कागदावर सही करील!

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. ही औषधे टर्की सुसह्य करतात. ओढ नष्ट करीत नाहीत. काही दिवस गर्द सुटली की शरीराची सहनशक्ती घटते. मग पूर्वीचीच मात्रा घेतल्यास श्वास थांबून मृत्यू ओढवतो. यास्तव उपचार संपल्यावरच खरी जपणूक सुरू होते.

तेव्हा औषध घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: यात काय आहे? याची परीक्षा झाली आहे काय? रक्तदाब कोण तपासणार? ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याची पुडी घरात आणू नये. लाज झाकण्यासाठी मुलाचा जीव पणास लावू नये, एवढीच आमची आपणां सर्वांस हात जोडून विनंती आहे.